कप्त्याच्या पायाचं औषध

भादवा लागला की अकोल्याच्या हवेत एक वास येतो. खरं तर जठारपेठेत तो यायला नको. इथं कुठं आलंय वावर! पण बाजार करून निघालेल्या ऑटोत, एसटीत शेजारी टेकलेल्या माणसाच्या दुपट्ट्यात, कुणाच्या तरी पाठीवरच्या पंपात तो असतोच. गोडसर, उग्र, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. पावसानं उघडीप दिलेली असते, कपाशीची पऱ्हाटी कमरेला आलेली असते आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य असतं, चला, औषध मारून घेऊ. मी पदर नाकाला लावते. तरी तासाभरात माझं डोकं ठणकायला लागतं.

यंदा त्यात भर म्हणून घरात कुत्रं आहे. लेकीनं आणलं, मला न विचारता. कुत्र्याचं मला वावडं नाही, पण हे बेणं चाटतं. पुढचे दोन्ही पंजे समोर घेऊन बसतं आणि चप चप चप चप. मी वरण फोडणीला टाकत असले तरी माझा कान तिकडं. शेवटी मी झारा आपटते, "ए, बस्स कर बाप्पा!" ते दचकून थांबतं आणि मी पाठ फिरवली की पुन्हा सुरू. लेक म्हणते, "आई, ओरडू नको ना त्याच्यावर." म्हटलं, मंग काय आरती ओवाळू त्याची?

शेवटी दोघी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला गोड. त्यांनी पंज्याची बोटं फाकवून पाहिली. पावसाळ्यात बोटांच्या मध्ये ओल राहते, खाज सुटते, म्हणून फिरवून आणलं की पाय धुवायचे आणि कोरडे पुसायचे, म्हणाल्या. पिसवा बघायच्या. खाण्यातलं काही सोसत नसेल तर तेही बघायचं. सांधा दुखत असेल तरी कुत्रं नेमकं तिथंच चाटतं. आणि यातलं काहीच नसेल, तर मग ते कंटाळलंय किंवा घाबरलंय. माणूस नखं खातो ना, तसं ते चाटतं. चाटून चाटून कातडी सोलते, सोलली की चुणचुणते, चुणचुणली की पुन्हा चाटतं. ओरडायचं नाही आणि त्या वेळी लाडही करायचे नाहीत. दोन्हीनं सवय पक्की होते. चाटायला लागायच्या आधीच उठवायचं, फिरवायचं, कशात तरी गुंतवायचं.

लेक फोनवर सगळं टिपून घेत होती. मी भिंतीकडे पाहत होते. हे सगळं मी फार वर्षांपूर्वी मूर्तिजापूरला ऐकलं होतं, याहून आडदांड भाषेत.

कापसाची ती वाईट वर्षं होती. रोज पेपरात कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव, तिथल्या कुणा शेतकऱ्यानं जीव दिलेला. आमचं घर मूर्तिजापूरच्या बाजारात, पुढे दुकान आणि मागे राहणं. दुकान बियाणं, खत आणि औषधाचं. आता हा शब्द बाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. वऱ्हाडात पिकावर मारतात त्याला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. औषध म्हणतात. तापाचं ते औषध, खोकल्याचं ते औषध आणि बोंडअळीचं तेही औषधच. आमच्या घरात तर औषध म्हणजे आधी तेच, क्रोसिन मागाहून. आणि त्या वर्षांत या शब्दाला एक वेगळंच क्रियापद चिकटलं होतं. अमक्यानं औषध घेतलं. एवढं म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नसे. चपला घालून निघत असे.

कप्तान आमच्या दुकानाचा कुत्रा. बाजारात जन्मला, आमच्या ओट्यावर वाढला. रुबाब असा, की आपणच मालक. पण वऱ्हाडात कुणाचं नाव धड राहिलंय का? तो कप्त्या झाला. दिवसभर काउंटरच्या पायाशी पोत्यावर पडून राहायचा आणि संध्याकाळी बाबांनी चपलेत पाय घातला, की त्याच्या आधी रस्त्यावर. दोघं शकुंतलेच्या रुळाच्या कडेकडेनं लांबवर चालत जायचे. नॅरो गेजची ती गाडी कधी यायची, कधी नाही, तिला कुणी विचारत नसे. बाबा कप्त्याशी बोलत चालायचे. गिऱ्हाइकाच्या चुगल्यासुद्धा सांगायचे त्याला. आई म्हणायची, "माह्याशी कदी इतकं बोलले नाई."

त्या भादव्यात दिगंबरकाका गेले. बाबांचे शाळेपासूनचे मित्र. जवळच्याच खेड्यात त्यांचं वावर. आदल्या बाजाराला दुकानात आले होते, मी घरीच होते तेव्हा. काउंटरवर कोपर टेकवून, हातातली बाटली दाखवत त्यांनी विचारलं, "जोरात हाय का रे हे?"

बाबा म्हणाले, "एकदम जोरात."

"माणसाले काही होत नाई ना?"

"अरे, औषध हाय ते. जहर थोडीच हाय?"

दोघंही हसले. दिगंबरकाकांनी खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी काढली, घोटली, चिमूट गालात सोडली आणि बाटली घेऊन गेले. त्यानंतर त्यांनी फवारणी केली. वारं तोंडावर येत होतं म्हणे, अंगात फक्त बनियान. दुपारी वावराच्या धुऱ्यावर पडलेले सापडले, तोंडाला फेस. अकोल्याला नेईपर्यंत संपलं होतं.

गावानं वाट पाहिली नाही. वाक्य तयारच होतं. दिगंबरनं औषध घेतलं. त्यांची बायको, निर्मलाकाकू, रडत रडत ज्याला त्याला सांगत होती, "घेतलं नाई हो, त्याईले लागलं. फवारता फवारता लागलं." पण कोण ऐकतं? उलट सासरच्यांनी विचारलं, सकाळी भांडली होती काय त्याच्याशी? आता नवरा-बायको सकाळी काही ना काही बोलतातच. तिनं भोळेपणानं सांगितलं, हो, किराण्यावरून जरा बोलाचाली झाली होती. झालं! तिच्या कपाळावर ते चिकटलं ते चिकटलंच.

बाबा त्या दिवसापासून गप्प झाले. दुकान उघडत, विकत, बंद करत. पण बोलणं गेलं. मला नंतर कळलं की ते दोन बाजूंनी चिरडले जात होते. दिगंबरनं घेतलं असेल, तर मित्रानं मला एका शब्दानं सांगितलं नाही. आणि लागलं असेल, तर त्याला मीच म्हटलं होतं, काही होत नाही. दोन्हीतलं कुठलं खरं असावं, हेही त्यांना मागता येत नव्हतं. संध्याकाळचं फिरणं बंद झालं. कप्त्या वेळेवर उठायचा, दारात जाऊन मागे वळून पाहायचा, उभा राहायचा. मग परत येऊन पोत्यावर बसायचा आणि पुढचा डावा पाय चाटायचा.

सुरुवातीला कुणाचं लक्ष नव्हतं. मग केस गेले. मग लाल झालं. मग ओली जखम. मी कॉलेजसाठी अमरावतीला होस्टेलवर असायची, सुट्टीत घरी यायची. त्या वेळी आले तर दुकानात एक आवाज भरून राहिलेला. चप चप चप. बाबा काउंटरमागे बाटल्यांच्या रांगेकडे पाहत बसलेले आणि खाली हे. मला वाटलं, किंचाळावं.

बाजार म्हटला की सल्ल्याला तोटा नाही. एक म्हणाला, हळद अन् तेल लावा. एक म्हणाला, कुत्र्याच्या जिभेतच अमृत असते, चाटू द्या, आपोआप बरं होते. एका शहाण्यानं मिरची वाटून लावायला सांगितली, त्याला आईनं तिथंच झापलं, "तुह्या जखमेवर लावू काय रे आधी?" आणि शेजारची म्हातारी हळूच आईला म्हणाली, "पितरं चालू हायेत बाई. दिगंबरच येऊन बसला असंल त्याच्यात." आईनं ते बाबांच्या कानावर जाऊ दिलं नाही. पण त्या दिवशी तिनं जेवताना माझ्याकडे पाहिलं नाही.

जनावरांचे डॉक्टर सरकारी दवाखान्यातले, जाडजूड, मोटारसायकलवर फिरणारे. बैलाला इंजेक्शन द्यायचं असो की कुत्र्याला, सारख्याच जोरात बोलायचे. त्यांनी पाय दाबला, वाकवला, बोटांत पाहिलं. म्हणाले, "हाड चांगलं हाय. गोचीड नाई, काटा नाई. ही जखम चाटून झाली, जखम झाली म्हणून तो चाटून नाई राहिला. मलम लावा, वर फडकं बांधा. पण जखम सुकली तरी हा दुसरा पाय धरंल. घरात काय बदललं ते सांगा मले."

 आईनं बाबांकडे पाहिलं, डॉक्टरांनी आईकडे, आणि मग त्यांनी आवाज खाली आणला. पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "याले फिरवून आना रोज. कुत्रं मालकाचं तोंड पाहते. मालक बसला की ते बसते."

बाबा म्हणाले, "हो." आणि बसून राहिले.

आईची भीती मला तेव्हा कळली. ती दुकानात येऊन बसायला लागली होती. कधी लसूण सोलायला, कधी गहू निवडायला. घरात हवा नाई म्हणायची. बाबा मागच्या गोदामात गेले की ती हातातलं टाकून उठायची. मोरीत जास्त वेळ लागला की दारावर थाप द्यायची, "टॉवेल घेतला का?" सगळ्या गावाला जे विकतो ते सगळं आमच्या भिंतीवर मांडलेलं. लपवणार तरी काय आणि कुठं? मला ती म्हणाली, "तू जा अमरावतीले. परीक्षा हाय तुही. मी आहो." गाडीत बसले खरी. मी पुस्तक उघडलंच नाही.

आणि मग तो फोन. होस्टेलच्या ऑफिसात फोन यायचा, तिथल्या बाई घ्यायच्या आणि निरोप द्यायच्या. मी मेसमधून येत होते. बाई दारात उभ्या. चेहरा पडलेला. म्हणाल्या, "तुझ्या आईचा फोन होता. घरी औषध पोटात गेलं म्हणतात. वडील बोलत नाहीत. लगेच ये म्हणाल्या. मग कट झाला, परत लागत नाहीये."

कोण, कसं, मी काहीच विचारलं नाही. विचारण्यासारखं काय उरलं होतं? अंगातल्या कपड्यांनिशी स्टँडवर आले. मूर्तिजापूरची गाडी लागलेली होती. बडनेरा येईपर्यंत मी रडलेसुद्धा नाही. मला राग आला होता. बाबांचा, भयंकर. वाटत होतं, समोर आले तर त्यांना धरून गदागदा हलवावं. आई गहू निवडत बसली होती ना तुमच्यासाठी? मी गाडीत बसले होते ना तुमच्या भरवशावर? मग लगेच वाटायचं, नाही, देवा, असू दे, काहीही कर, फक्त बोलू दे त्यांना. खिडकीबाहेर दोन्ही अंगांनी पऱ्हाटी. माणसं पाठीवर पंप घेऊन ओळीओळीनं चालत होती आणि तो वास आत येत होता. मी खिडकी बंद करायला गेले, ती सरकेना.

शेजारी एक बाई होत्या, मांडीवर भाजीची पिशवी. म्हणाल्या, "काय झालं व पोरी?"

"घरी औषध..." माझं वाक्य पुरं झालं नाही.

त्यांनी कोणतं औषध असं विचारलं नाही. माझा हात धरला. "कोन?"

"बाबा. बोलत नाहीत म्हणे."

पुढच्या बाकावरचे दोघं वळले आणि परत समोर पाहायला लागले. कंडक्टर उभा होता, त्यानं ऐकलं असावं. पुढे जाऊन ड्रायव्हरला म्हणाला, "भाऊ, जरा ताण."  त्या बाईंनी मूर्तिजापूर येईपर्यंत माझा हात सोडला नाही. त्यांचं नावसुद्धा मला माहीत नाही.

दुकानासमोर माणसं होती. मी त्यांना ढकलत आत शिरले. जमिनीवर पाणीच पाणी, साबणाचा फेस आणि त्यात बाबा बसलेले. शर्ट ओलाचिंब. मांडीवर कप्त्याचं डोकं. त्याचे पाय थडथडत होते, तोंडातून लाळेची तार लागलेली. डॉक्टर गुडघ्यावर बसून दुसरी सुई भरत होते. बाबा जिवंत होते. माझ्याकडे पाहत होते.

मी आईवर ओरडले. "असा फोन करतात का?"

"अव, मी सांगूनच राहिली होती, कप्त्याच्या पोटात गेलं म्हणून! लाइन तुटली त्याले मी काय करू?" आणि ती मटकन पोत्यावर बसली. "हे बोलत नाईत व. तवापासून एक शब्द नाई."

झालं होतं ते असं. कप्त्याचं फडकं सुटलं होतं. आईचे हात कणकेत. तिनं आतूनच हाक दिली, "मारोतीभाऊ, कप्त्याच्या पायाले औषध लावा!" मारोती दुकानात नवीन लागलेला, दोन लेकरांचा बाप, कामाला वाघ. मलमाची ट्यूब देव्हाऱ्याजवळच्या फळीवर होती, ती त्याला कुठून माहीत? तो औषधाच्या दुकानात उभा होता आणि मालकीण म्हणत होती औषध लावा. त्यानं भिंतीवरची बाटली काढली. त्याच्या घरी बैलाच्या गोचिडाला लावायचेच की. झाकणात जरासं घेतलं, पाणी टाकलं, कापसाच्या बोळ्यानं नीट, प्रेमानं लावलं. आणि कप्त्यानं जे तो महिनाभर करत होता तेच केलं.

मारोती दाराशी उभा होता. "मले वाटलं तेच औषध. बाई औषधच म्हणल्या." त्याला कुणी बोललं नाही. काय बोलणार? चूक शब्दाची होती आणि तो शब्द आम्हीच रोज वापरत होतो.

सुई लागली. सगळे वाट पाहत बसलो. मी देवाला काय काय बोलले ते सांगत नाही. ऊन दुकानाच्या पायरीवरून खाली उतरलं तेव्हा कप्त्याची थडथड कमी झाली. त्यानं डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, "आता निभावते हे."

आणि बाबा बोलले. डॉक्टरांशी नाही, आमच्याशीही नाही. "मारोती, किती लावलं होतं?"

"झाकणाच्या बुडाशी होतं, मालक. इतकंसं."

"आन् यानं चाटलं त्यातलं किती?"  बाबा आपल्याच हाताच्या बोटांकडे पाहत म्हणाले, "इतकंसं. तेवढ्यानं हे झालं. दिगंबर पंप भरायचा, त्याच हातानं खर्रा खायचा. त्याच हातानं." मग माझे बाबा रडले. मोठ्यानं, लहान पोरासारखे. आईनं त्यांना थांबवलं नाही. शटर थोडं खाली ओढलं फक्त.

कप्त्याला सावरायला वेळ लागला. डॉक्टरांनी जुन्या प्लास्टिकच्या बादलीचं बूड कापून त्याच्या गळ्यात अडकवायला लावलं, म्हणजे तोंड पायापर्यंत पोचू नये. त्या अवतारात तो जिथं तिथं धडकायचा. बाजारातली पोरं हसायची, त्याचा मात्र पार अपमान झाला होता. पाय धुवून, कोरडा करून, मलम लावायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. तो चाटायला मान वळवतोय असं दिसलं, की रागवायचे नाहीत, उठायचे. "चल." दिवसातून कितीदा तरी दोघं रुळाकडे जाऊन यायचे. आईही त्यांच्या मागून, हातभर अंतर ठेवून. फिरायला जाते म्हणायची. आयुष्यात कधी फिरायला न गेलेली बाई! तिचा धाक अजून गेला नव्हता. माणूस रडला म्हणजे सुटला, असं थोडंच असतं?

दुकानात एक बदल झाला. बाबांनी औषध हा शब्द टाकला. गिऱ्हाईक आलं की विचारायचे, "कोणतं जहर देऊ?" लोक चमकायचे. "काय भाऊ, सकाळी सकाळी अभद्र बोलता!" काही जण पाठ फिरवून समोरच्या दुकानात गेले. बाबा बाटली हातात देताना सांगायचे, "जहर हाय. वारं पाहून मार. हात धुतल्याबिगर तोंडाले लावू नको." सांगायचे ते सांगायचेच, ऐको न ऐको. आई पुटपुटायची, असं धंदा व्हते काय. पण पुटपुटायचीच. अडवत नसे.

दसरा जवळ आला तेव्हा, भर बाजाराच्या दिवशी निर्मलाकाकू आली. दुकानात माणसं खेटून उभी. तिला पाहिलं आणि वाट झाली, कुजबुजही झाली. वाळली होती. तिनं काउंटरवर रिकामी बाटली ठेवली. "भाऊ, पऱ्हाटीवर अळी चढली. हे पाहिजे."

तीच बाटली, दिगंबरकाकांनी नेलेली. बाबांनी ती हातात घेतली. मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती.

"वहिनी, हे जहर हाय."

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "माह्यापेक्षा जास्त कोनाले ठाऊक असंल? पन वावर तर उभं हाय ना."

बाबा उभे राहिले आणि दुकानभर ऐकू जाईल असं बोलले. "दिगंबरनं घेतलं नाई. त्याले लागलं. हाताचं तोंडात गेलं. घरातल्या बोलाचालीचा काही संबंध नाई. मले त्यानं इथं उभं राहून विचारलं होतं, माणसाले काही होत नाई ना. मी म्हटलं, औषध हाय, जहर थोडीच हाय. मी म्हटलं."

 ज्या दुकानदारानं हे म्हटलं त्याच्याकडे उद्या कोण येणार, हे तिथं उभ्या प्रत्येकाला कळत होतं. बाबांनाही.

काकू रडली नाही.  ती म्हणाली, "मी हेच सांगून सांगून थकली, भाऊ. माह्यं कोनी ऐकत नाई. तुमी इथं सांगून काय फायदा? माह्या सासऱ्यापुढे सांगा. गावात, पारावर उभं राहून सांगा. आज सांगा. माह्यासंग चला."

बाबांनी गर्दीकडे पाहिलं. मग मागे वळून आतल्या दाराकडे पाहिलं. तिथं आई उभी होती. त्या खेड्याची वाट वावरांतून जाते, दोन्ही बाजूंनी फवारणी चाललेली, आणि संध्याकाळच्या आत परत यायला गाडी नव्हती. महिनाभर ज्या माणसाला तिनं मोरीपर्यंत एकटं जाऊ दिलं नव्हतं, त्याला आई म्हणाली, "जा."